पाण्याखालचे पंधरा मीटर आणि तेरा वर्षांचा मुलगा

ताई, इतर पालकही वाचतील म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, नाशिकमध्ये दोन वर्षांपासून बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहायचा प्रकार) पोहतोय आणि १०० मीटरला त्याला साधारण १ मिनिट १२ सेकंद लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला झालेल्या जागतिक शॉर्ट कोर्स स्पर्धेतली पुरुषांची १०० मीटर बटरफ्लायची फायनल त्याने पाहिली. जिंकलेला स्वित्झर्लंडचा नोए पोंटी भिंत सोडल्यावर कितीतरी वेळ वर येतच नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून तोही दम धरून पाण्याखालून जातोय, आणि त्याचे सर म्हणतात, "आधी हात नीट कर, ते नंतर बघू." घरात रोज वाद. बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मुलाची नजर चांगली आहे, कारण त्या शर्यतीचं मर्म पाण्याखालीच आहे. पण त्याला पोंटीचा दम दिसला आणि भिंत दिसली नाही. सरांचंही बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. मी वीस-बावीस वर्षं या गावात मुलांना पोहायला शिकवतोय आणि माझं मत ठाम आहे: शॉर्ट कोर्सची बटरफ्लाय भिंतीपाशी जिंकतात आणि भिंतीपाशीच हरतात. तेरा वर्षांच्या मुलाने त्यातून भिंत शिकायची असते. लांब दम आपसूक मागून येतो, न आला तरी फार बिघडत नाही.

शॉर्ट कोर्स म्हणजे २५ मीटरचा तलाव. ऑलिंपिक ५० मीटरच्या तलावात होतं. २५ मीटरची जागतिक स्पर्धा वेगळी. ती पहिल्यांदा १९९३ मध्ये स्पेनमधल्या पाल्मा दे मायोर्का इथे झाली आणि तिचे विक्रमही वेगळे धरतात. १०० मीटर पोहताना ५० च्या तलावात एक टर्न, म्हणजे भिंतीला हात लावून वळणं, येतो, २५ च्या तलावात तीन. फरक एवढाच, पण त्याची किंमत बघा. अमेरिकेच्या केलेब ड्रेसेलने टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, १०० मीटर बटरफ्लायला ४९.४५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. त्याच ड्रेसेलची २५ मीटरच्या तलावातली वेळ होती ४७.७८, नोव्हेंबर २०२० मध्ये, बुडापेस्टच्या ड्युना अरेनात. माणूस तोच, अंतर तेवढंच, आणि वेळ १.६७ सेकंदांनी कमी. ही कमाई जास्तीच्या दोन भिंतींची. चार वर्षांनी पोंटीने ड्रेसेलचा तो विक्रम मोडला, त्याच ड्युना अरेनात, ४७.७१ सेकंदांत.

आता हाच पोंटी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कुठे होता? पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायची पदकं हंगेरीचा क्रिस्तोफ मिलाक (४९.९०) आणि कॅनडाचे जॉश लिएंडो (४९.९९) व इल्या खारुन (५०.४५) यांनी नेली. पोंटी रिकाम्या हाताने परतला. डिसेंबरात तलाव निम्म्याने आखूड झाला आणि त्याचं सगळ्यात धारदार हत्यार, म्हणजे पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे मारणं), त्याला दोनऐवजी चार वेळा काढता आलं. दक्षिण आफ्रिकेचा चॅड ल क्लो याच तलावाचा राजा. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत त्याने शॉर्ट कोर्सचं १०० मीटर बटरफ्लायचं जागतिक विजेतेपद पाच वेळा मिळवलं.

पाण्याखाली वेग जास्त का, हे मुलाला कळलंच पाहिजे, नाहीतर तो नुसती नक्कल करत राहील. गंगापूर धरणावर बोट वेगात निघाली की तिच्या नाकापुढे पाण्याचा फुगवटा चढतो, तो तुम्ही पाहिला असेल. पृष्ठभागावर पोहणाऱ्या माणसाचंही तसंच होतं. तो स्वतःच लाट उठवतो आणि मग तीच लाट ढकलत बसतो. अर्धा-एक मीटर खाली गेलं की हा खर्च बराच वाचतो. त्यात भिंतीला लाथ मारून मिळालेला वेग हा सूर मारण्याचा वेग सोडला तर अख्ख्या शर्यतीतला सगळ्यात मोठा वेग असतो. पोंटीच्या ४७.७१ सेकंदांची सरासरी काढली तर सेकंदाला २.१ मीटरच्या आसपास येते. भिंत सोडतानाचा वेग याच्या कितीतरी वर असतो आणि पुढच्या प्रत्येक क्षणाला तो उतरत जातो. किक मारायची ती हा उतरता वेग शक्य तितका धरून ठेवण्यासाठी.

म्हणून वर कधी यायचं याचं एकच उत्तर आहे: पाण्याखालचा वेग उतरून तुमच्या वरच्या पोहण्याच्या वेगाइतका झाला की त्या क्षणी. त्याआधी आलात तर फुकटचा वेग टाकून दिलात, नंतर आलात तर खाली रखडलात. पोंटीची किक इतकी दमदार आहे की तो क्षण येण्याआधीच नियमाची १५ मीटरची रेघ येते. तुमच्या मुलाचा तो क्षण सहा-सात मीटरवर येत असेल. तिथून पुढे तो जे अंतर दम धरून काढतो, ते तो वर पोहला असता त्याहून हळू काढतो. छातीत आग, डोळ्यांपुढे तारे, आणि घड्याळात तोटा.

१५ मीटरचा हा नियम कसा आला, ते मुलाला सांगा, त्याला आवडेल. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कऑफ आणि जपानचा डाइची सुझुकी बॅकस्ट्रोकला, म्हणजे उताण्या पोहण्याला, पहिल्या लेंथचा (तलावाच्या एका लांबीचा) मोठा भाग पाण्याखालूनच गेले, आणि बॅकस्ट्रोकला मर्यादा आली. बटरफ्लायला मात्र काही वर्षं मोकळं रान राहिलं. १९९६ मध्ये अटलांटाला रशियाच्या डेनिस पँक्राटोव्हने तसंच पाण्याखालून जात ५२.२७ चा जागतिक विक्रम करून १०० मीटर जिंकली. मग १९९८ पासून बटरफ्लायलाही रेघ आखली गेली: सुरुवातीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे. हिशेब करा. ५० च्या तलावात १०० पैकी जास्तीत जास्त ३० मीटर खालून जाता येतं, २५ च्या तलावात ६०. म्हणजे शॉर्ट कोर्सच्या शर्यतीत निम्म्याहून जास्त अंतर खालून गेलेलं चालतं. वर हाताचे फटके उरतात प्रत्येक लेंथला पाच-सात.

खरी गंमत या पाच-सात फटक्यांत आहे. फटके इतके थोडे असले की भिंतीशी हिशेब चुकवून चालत नाही. सहावा फटका संपला आणि भिंत अजून हातभर लांब आहे, तर काय करायचं? आणखी अर्धा फटका मारायचा की हात लांब करून घसरत जायचं? ५० च्या तलावात १०० मीटरला हा प्रश्न दोनदा येतो, इथे चार वेळा.

मायकेल फेल्प्सला याच प्रश्नाने एकदा तारलं आणि एकदा मारलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला सर्बियाचा मिलोराद चाविच शेवटी पुढे होता. तो हात लांब करून भिंतीकडे घसरत गेला, फेल्प्सने जास्तीचा अर्धा फटका घाईने मारला आणि ५०.५८ विरुद्ध ५०.५९ असा जिंकला. एका शतांश सेकंदाने. चार वर्षांनी लंडनला २०० मीटर बटरफ्लायमध्ये पुढे होता फेल्प्स. या वेळी शेवटी घसरत गेला तो, आणि मागून आलेल्या चॅड ल क्लोने भिंतीवर हात मारला: १:५२.९६ आणि १:५३.०१. एवढ्या मोठ्या माणसाचं असं होतं, तर आपल्या पोरांनी भिंतीपाशी किती घाम गाळायला हवा?

माझ्याकडची मुलं टर्नला काय करतात ते जवळून सांगतो, कारण तुमचा मुलगाही बहुधा हेच करत असेल. आपल्या बऱ्याच तलावांना पाण्याच्या पातळीला गटर असतो. मुलगा भिंतीशी येतो, दोन्ही हातांची बोटं त्या काठात अडकवतो, स्वतःला वर ओढतो, छातीपर्यंत पाण्याबाहेर येतो, एक मोठा श्वास घेतो, घड्याळाकडे नाहीतर सरांकडे बघतो आणि मग वळतो. त्याला वाटतं टर्न झकास झाला, कारण दम मिळाला. पण जेवढं शरीर वर चढलं तेवढं परत खाली पडतं, आणि पाय भिंतीला लागतात तेव्हा तो तिरका, वर तोंड करून निघतो. मोठ्या स्पर्धेत तर भिंतीवर टचपॅड, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणारी पाटी, असतं, सपाट. धरायला काठच नाही. तिथे ही मुलं अक्षरशः भांबावतात.

हवा असतो तो टर्न असा. दोन्ही तळहात एकाच क्षणी, एकमेकांपासून सुटे, भिंतीला टेकतात. पुढेमागे झाले तर पंच बाद करतात, आणि इथे बाद झालेली मुलं मी डझनांनी पाहिली आहेत. हात टेकताक्षणी गुडघे पोटाशी. एक कोपर बरगडीला घासत मागे जातं, जणू मागच्याला ढोसलं; दुसरा हात क्षणभर मागे राहून कानाला चाटून डोक्यावरून येतो. डोकं पाण्याच्या जेमतेम वर, श्वास छोटा. पाय भिंतीला लागतात तेव्हा अंग कुशीवर असतं, लाथ कुशीवरच बसते आणि भिंत सोडेपर्यंत खांदे छातीच्या बाजूला वळलेले असतात, हाही नियमच आहे. एका हातावर दुसरा हात, वरच्या हाताचा अंगठा खालच्या तळव्याला अडकवलेला, दंड कानांच्या मागे. या टर्नला ताकद लागत नाही. लागतात त्या शेकडो फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला बघणारा एक डोळा.

किकबद्दल एकच गोष्ट सांगतो, ती नव्वद टक्के मुलांना लागू पडते. ती गुडघ्यातून पाय मोडून खाली जोरात फटका मारतात आणि वर येताना पाय नुसते उचलतात. वर येणारी किक मेलेली असते. ती जागी करायला खोल पाण्यात उभं राहून, हात छातीवर घडी घालून, फक्त डॉल्फिन किकवर डोकं बाहेर ठेवायचं, पंधरा सेकंद, विश्रांती, पुन्हा. उभं असताना हीच किक मागे जाते; ती मेलेली असेल तर मुलगा सरकत जातो, एका जागी राहत नाही. त्याला स्वतःलाच कळतं, आपल्याला ओरडावं लागत नाही.

आता त्याचं स्वतःचं अंतर कसं शोधायचं ते. लेनच्या दोरीवर १५ मीटरला रंग बदलतो. तुमच्या तलावावर तशी दोरी नसेल तर टेपने मोजून काठावर लाल फीत चिकटवा. (तलावाची लांबीही एकदा मोजाच. सोसायटीतले आणि हॉटेलातले कित्येक तलाव २५ मीटर म्हणून सांगतात आणि भरतात कमी.) मुलाने भिंतीला लाथ मारून निघायचं, आधी तीन किक मारून वर यायचं आणि पोहत पुढे जायचं, डोकं फितीशी आलं की तुम्ही घड्याळ दाबायचं. मग पाच किक, मग सात, मग नऊ. प्रत्येकी दोनदा, मध्ये पूर्ण विश्रांती. ज्या आकड्याला फितीशी सगळ्यात कमी वेळ लागला, तो त्याचा आकडा. दुसऱ्या दिवशी हेच ७५ मीटर बटरफ्लाय पोहल्यावर लगेच करून बघा, कारण शर्यतीत चौथी भिंत दमलेल्या अंगानेच सोडावी लागते. माझ्याकडच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं उत्तर ताज्या अंगाने चार ते सहा किक येतं, दमल्यावर तीन ते चार. चारही भिंतींना चार किक मारणारा मुलगा पहिल्या भिंतीला नऊ आणि शेवटच्या भिंतीला एक किक मारणाऱ्याला हरवतो. कागदावर काढायची गरज नाही, आठवड्याभरात तलावावर दिसेल. आणि वर आल्यावर पहिल्या फटक्याला श्वास घ्यायचा नाही, मान खाली. तिथे मान उचलली की खालून आणलेला सगळा वेग जागच्या जागी संपतो.

ताई, पुढचं नीट वाचा, हे मी सगळ्यात कळकळीने लिहितोय. मी पंचवटीतला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून गोदावरीत पोहायला शिकलो. बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो, ही आमची रोजची पैज होती, आणि त्यात वावगं काही आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. तीच सवय घेऊन मी शिकवायला लागलो. सुरुवातीच्या वर्षांत मुलांना एका दमात पूर्ण लेंथ खालून काढायला लावायचो. एका संध्याकाळी बारा-तेरा वर्षांचा एक गुणी मुलगा दुसऱ्या लेंथला निघाला, मध्ये किक थांबली आणि तो हळूहळू खाली गेला. हातपाय मारणं नाही, बुडबुडे नाहीत. शेजारच्या लेनमधल्या मुलीने पाहिलं म्हणून आम्ही त्याला वेळेवर बाहेर काढलं. तो बरा झाला. चूक सर्वस्वी माझी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून माझ्याकडे दमाची पैज बंद आहे.

हे होतं कसं ते समजून घ्या. निघण्याआधी मुलं भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, आणि श्वास घे असं शरीर ओरडून सांगतं ते मुख्यतः या वायूच्या वाढीमुळे. तो कमी केला की ओरडा उशिरा येतो. तेवढ्यात प्राणवायू संपतो आणि माणूस कोणतीही चाहूल न देता बेशुद्ध होतो. पोहण्यात तरबेज असलेल्या, धडधाकट मुलांचं हे होतं. म्हणून तुमच्या मुलाला तीन गोष्टी तोंडपाठ असू द्या: खालून जाण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, काठावर बघणारं मोठं माणूस नसेल तर खालून जायचंच नाही, आणि मित्रांशी अंतराची किंवा वेळेची पैज लावायची नाही. सुट्टीत भावंडांबरोबर धरणावर, नदीवर, गावच्या विहिरीवर तर हा खेळ मुळीच नको. १०० मीटर बटरफ्लायच्या सरावाला एका वेळी सहा-आठ सेकंदांपेक्षा जास्त खाली राहण्याची त्याला गरजही नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा ५० मीटरच्या तलावात होतात, मग २५ मीटरचं हे सगळं कशाला, असंही तुम्ही लिहिलंय. भिंतीचं काम दोन्हीकडे चालतं. शिवाय घराजवळचा तलाव २५ मीटरचा असेल तर ते चांगलंच, तेवढ्याच अंतरात दुप्पट टर्न घोटून होतात. फक्त उथळ बाजूकडून सूर मारायचा नाही आणि तिथून लाथ मारताना फार खाली जायचं नाही. भारतासाठी बटरफ्लाय ही मानाची शर्यत आहे, हेही मुलाला सांगा. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजान सिंगने २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य आणलं. त्यानंतर २४ वर्षं जलतरणात आशियाई पदक नव्हतं. ते आणलं आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने, २०१० मध्ये ग्वांगझूला, ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. पुढे २०२१ मध्ये साजन प्रकाशने रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून ऑलिंपिकचा 'अ' निकष, म्हणजे थेट पात्रतेची वेळ, गाठला, असं करणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. तीनही वेळा बटरफ्लायच.

आता सरांचं म्हणणं. ते 'आधी हात' म्हणतात, कारण त्यांनी तुमच्या मुलाची चौथी लेंथ पाहिली असणार. दमल्यावर हात पाण्यावरून न येता पाण्यातून ओढले जातात, कंबर बुडते, आणि मग प्रत्येक फटक्याला शरीर वर उचलावं लागतं. असा मुलगा कितीही चांगली भिंत सोडून आला तरी पुढच्या पाच-सात फटक्यांत सगळं घालवतो. खांद्यांचाही प्रश्न आहे. हात चुकीचे टाकत हजारो मीटर मारले की चौदा-पंधराव्या वर्षी खांदा धरतो. थंडीत तर जास्तच सांभाळा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ कशी असते ते तुम्हाला माहीत आहे, आणि तलावाचं पाणी तापवलेलं नसेल तर दहा मिनिटं काठावर दोरीच्या उड्या आणि हात फिरवणं झाल्याशिवाय बटरफ्लायचा एक फटकाही नको.

तेव्हा वाद घालू नका. सरांना भेटून एवढंच विचारा, की वॉर्मअपनंतर, अंग ताजं असताना, आठवड्यातून तीन दिवस दहा मिनिटं भिंतीला देता येतील का. कुठलाही चांगला प्रशिक्षक याला नाही म्हणणार नाही. बाकीचा वेळ सरांचा, हातांचा. आणि मुलाला बुडापेस्टची ती फायनल पुन्हा लावून द्या. या वेळी तलावाचा मधला भाग कागदाने झाका आणि फक्त दोन्ही टोकं बघायला सांगा: हात कधी टेकले, पाय कधी सुटले.